उल्मचा नगरवैद्य आणि त्याचा इसाप

लांडगा आणि कोकरू, पाण्यातलं प्रतिबिंब बघून तोंडातला मांसाचा तुकडा गमावणारा कुत्रा, द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा. छापखाना सुरू झाल्यावर पहिल्या शंभर वर्षांत या गोष्टी युरोपभर ज्या पुस्तकातून पोचल्या, ते ना कुठल्या विद्यापीठात तयार झालं, ना मठात. दक्षिण जर्मनीत डॅन्यूबच्या काठी उल्म नावाचं शहर आहे. तिथला, नगराच्या तिजोरीतून पगार घेणारा वैद्य रुग्ण बघून, औषधांची दुकानं तपासून उरलेल्या वेळात भाषांतरं करत असे. त्याचं नाव हाइनरिश श्टाइनहोवेल.

साहित्याच्या इतिहासात तो 'आरंभीचा मानवतावादी अनुवादक' म्हणून येतो आणि वैद्यकाच्या इतिहासात 'प्लेगवर लिहिणारा एक डॉक्टर' म्हणून. दोन्हीकडे त्याला प्रत्येकी अर्धं पान मिळतं. माझ्या मते ही वाटणीच चुकीची आहे. त्याचं भाषांतर त्याच्या वैद्यकीतूनच समजतं.

आधी चरित्र, थोडक्यात. जन्म 1412 चा, वाइल डेअर श्टाट या छोट्या गावातला. (पुढे 1571 मध्ये योहानेस केप्लरही याच गावात जन्मला.) 1429 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात नाव घातलं आणि 1436 मध्ये तिथली मॅजिस्टर ही पदवी घेतली. 1438 मध्ये इटलीत पादुआला गेला तो चर्चचा कायदा शिकायला, पण मध्येच वैद्यकाकडे वळला आणि 1443 मध्ये डॉक्टर झाला. पादुआ त्या काळी वैद्यकासाठी नावाजलेलं होतं, आणि व्हेनिस जवळच असल्यामुळे पूर्वेकडून येणारी औषधं आणि नवी पुस्तकं दोन्ही तिथे आधी पोचत. पेट्रार्क, बोकाचिओ, पोज्जो या इटालियन लेखकांची लॅटिन पुस्तकं पुढे त्याने जर्मनमध्ये आणली. त्यांची गोडी इथेच लागली असणार. परत आल्यावर 1444 मध्ये हायडेलबर्गला थोडं शिकवलं, मग आपल्या गावात आणि एसलिंगनमध्ये वैद्यकी केली. 1450 मध्ये उल्मने त्याला नगरवैद्य नेमलं, सुरुवातीला सहा वर्षांच्या करारावर. तो करार पुढे वाढत गेला आणि तो 1482 च्या सुमारास वारला तोही उल्ममध्येच.

उल्म हे स्वतंत्र नगर होतं, सम्राटाखेरीज कुणाचं मांडलिक नव्हतं. ताण्याला लिननचं सूत आणि बाण्याला कापूस वापरून विणलेल्या बारखेंट नावाच्या कापडावर शहर श्रीमंत झालं होतं. कापूस व्हेनिसमार्गे यायचा. त्याच वाटेने मिरी, केशर, अफू आणि बोळ यायचे. नगरवैद्याच्या कामाचा मोठा भाग याच मालाशी जोडलेला होता.

नगरवैद्य म्हणजे नुसता उपचार करणारा नव्हे. औषधविक्रेत्यांकडचा माल तपासणं ही दक्षिण जर्मनीतल्या नगरांत त्याची ठरलेली जबाबदारी असे, आणि त्या कामात डोळ्यांत तेल घालून बसावं लागे. केशराचंच घ्या. त्यात करडईच्या किंवा झेंडूच्या पाकळ्या मिसळणं हा जुना धंदा. पाण्यात टाकलं की खऱ्या केशराचा पिवळा रंग सावकाश उतरतो आणि काडी तांबडीच राहते. रंगवलेल्या पाकळ्या भसकन रंग सोडतात आणि फिक्या पडतात. वजन वाढवायला मध किंवा तेल चोळलेलं असेल तर कागदावर दाबल्यावर डाग उठतो. हे प्रकरण किती गंभीर होतं? न्युर्नबर्गमध्ये 15व्या शतकात भेसळ करणाऱ्यांना त्यांच्या केशरासकट जाळल्याच्या नोंदी आहेत.

त्याहून अवघड होती थेरियाकची तपासणी. सापाच्या मांसापासून अफूपर्यंत साठाहून अधिक घटक असलेलं हे पाकरूप औषध सगळ्या विषांवर, म्हणून प्लेगवरही, उतारा मानलं जाई. ते मधात कालवून वर्षानुवर्षं मुरवायचं असे. एकदा कालवल्यावर आत काय घातलं आणि काय गाळलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मोठ्या शहरांत सगळे घटक आधी मांडून वैद्यांसमोर दाखवायचे आणि मगच कुटायचे अशी पद्धत पडली. तयार डबा तपासण्यात अर्थ नाही, बनवतानाच उभं राहायला हवं, हे तेव्हाच्या लोकांना पक्कं कळलं होतं.

रुग्ण बघण्याचं मुख्य साधन होतं मूत्रपरीक्षा. पातळ, स्वच्छ काचेची गोल बुडाची कुपी, तिच्यात सकाळचं पहिलं मूत्र. कुपी झाकून ठेवायची, थोडं निवळू द्यायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. विहिरीच्या पाण्यासारख्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत वीस रंग ठरवलेले होते. कुपीतल्या द्रवाचे थर शरीराच्या भागांशी जोडलेले: वरचं कडं डोक्याचं, त्याखालचा थर छातीचा, मधला पोट-यकृताचा आणि तळाचा गाळ मूत्रपिंड-मूत्राशयाचा. चूक कुठे होई तेही ग्रंथांत लिहिलेलं असे. कुपी मळकी असेल, नोकराने ती रस्त्याने हिंदकळत आणली असेल, थंडीने मूत्र गढुळलं असेल किंवा रुग्णाने आदल्या दिवशी केशर किंवा रेवाचिनी खाल्ली असेल तर रंग फसवतो. कावीळ आणि मूत्रातलं रक्त या पद्धतीने खरोखर कळत असे. बाकी बराचसा अंदाजपंचे कारभार होता. पण अंदाज बांधताना रुग्णाला काय विचारायचं आणि त्याला कळेल अशा भाषेत काय सांगायचं, याची सवय मात्र या कामातून होत असे.

आता प्लेग. श्टाइनहोवेलने 1446 मध्येच प्लेगच्या दिवसांत कसं राहावं यावर जर्मनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. ते बराच काळ हस्तलिखितात फिरलं आणि 11 जानेवारी 1473 रोजी उल्ममध्ये योहान त्साइनरच्या छापखान्यातून छापून निघालं. उल्ममध्ये तारखेसह छापलेलं हे पहिलं पुस्तक. जर्मन भाषेतल्या छापील प्लेगग्रंथांतही ते पहिलं धरलं जातं. नगरात पहिल्यांदा छापखाना सुरू झाला आणि त्यातून तारीख घालून आधी बाहेर पडली ती साथीच्या रोगाची माहितीपुस्तिका, हे मला फार बोलकं वाटतं.

लॅटिनमध्ये प्लेगवर ढीगभर लिखाण होतं. ते वैद्यांनी वैद्यांसाठी लिहिलेलं. पण साथ आली की वैद्य कुठे कुठे पुरणार? अर्धे वैद्य स्वतःच पळ काढत. 'लवकर पळ, लांब पळ, उशिरा परत ये' हा तर त्या काळचा सगळ्यांत लोकप्रिय सल्ला होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत उपयोगीही. ज्याला पळता येत नाही, ज्याच्या दाराशी वैद्य येणार नाही, त्याच्या हातात त्याच्या भाषेतलं पुस्तक द्यायचं, हा या लिखाणामागचा हिशेब.

अशा ग्रंथांचा साचा ठरलेला असे: आधी बचाव, मग उपचार. बचाव म्हणजे हवा, खाणंपिणं, झोप, हालचाल, शौच आणि मनाची स्थिती या सहा गोष्टींची शिस्त. रोग दूषित हवेतून येतो असं मानत, म्हणून दक्षिणेकडच्या दमट वाऱ्याची खिडकी बंद, उत्तरेची उघडी, घरात जुनिपरच्या लाकडाचा धूर आणि हाताला, नाकाला व्हिनेगर. गरम पाण्याची सार्वजनिक स्नानगृहं टाळायची, कारण त्याने रंध्रं उघडतात. कारण चुकीचं असलं तरी गर्दीपासून लांब राहणं काही वाईट नव्हतं.

औषधांत सगळीकडे आढळणाऱ्या गोळ्या म्हणजे रूफस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावाने चालणाऱ्या. काळा बोळ दोन भाग, हिराबोळ एक भाग, केशर एक भाग. तिन्ही बारीक वाटून वाइनमध्ये किंवा पाकात मळायचे आणि गोळ्या वळायच्या. मापं औषधवाल्यांची: 20 ग्रेनचा एक स्क्रुपल, तीन स्क्रुपलांचा ड्रॅम, आठ ड्रॅमांचा औंस. आपल्याकडे जुन्या आजीबाईंच्या बटव्यात काळा बोळ आणि हिराबोळ दोन्ही सापडत, त्यामुळे गुण सांगायला नकोत: काळा बोळ जालीम रेचक. रोज घेतला तर माणूस साफ होतो, पण अशक्तही होतो. गरोदर बाईला तर तो अजिबात चालत नाही. जोडीला आर्मेनियाची तांबडी माती व्हिनेगरमध्ये कालवून द्यायची रीत होती. ती विष शोषते अशी समजूत.

उपचारात भर रक्त काढण्यावर. इथे मात्र नियम काटेकोर. शरीराची तीन मुख्य इंद्रियं आपापली घाण ठरलेल्या जागी टाकतात असं गृहीत होतं: मेंदू कानामागे आणि मानेत, हृदय काखेत, यकृत जांघेत. गाठ जिथे उठली त्यावरून कुठलं इंद्रिय धोक्यात आहे ते ठरे आणि शीरही ठरे. मानेत गाठ असेल तर त्याच बाजूच्या दंडाची बाहेरची शीर, काखेत असेल तर त्याच बाजूच्या हाताची आतली, जांघेत असेल तर त्याच बाजूच्या पायाची. विरुद्ध बाजूची शीर उघडली तर विष हृदयावरून ओढलं जातं आणि रोगी हातचा जातो, असा इशारा जवळपास प्रत्येक पुस्तकात आहे. वेळेचीही अट होती. जे करायचं ते पहिल्या दिवसाच्या आत. त्यानंतर रक्त काढणं व्यर्थ.

हे निरीक्षण अगदी टाकाऊ नव्हतं. गाठी लसिकाग्रंथींच्या जागीच उठतात आणि पहिला दिवस निर्णायक ठरतो, हे खरंच आहे. पण रक्त काढल्याने जंतूंना काहीच होत नाही, उलट ताप आणि उलट्यांनी सुकलेला रुग्ण आणखी खचतो. धुराने माणसाला बरं वाटतं, पण धान्याच्या कोठारातले उंदीर जिथल्या तिथे राहतात. या साखळीतला उंदीर आणि पिसू हा दुवा उघड व्हायला आणखी चारशे वर्षं जावी लागली, आणि तो बऱ्याच अंशी आपल्याकडेच उघड झाला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये, मुंबईतल्या कामानंतर, कराचीत पिसवांचा प्रयोग केला. 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने गिनी पिगचे पिंजरे जमिनीवर आणि पिसूच्या उडीच्या आवाक्याबाहेर टांगून तुलना केली, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. मुंबई-पुण्याच्या 1896-97 च्या प्लेगच्या हकिकती ज्यांनी वाचल्यात, त्यांना श्टाइनहोवेलच्या काळच्या सूचना ओळखीच्या वाटतील: धुरी, चुना, स्थलांतर, आणि नगराचे तपासनीस दारात.

एव्हाना तो साठीचा झाला होता. भाषांतरांची मोठी छापील पुस्तकं यानंतरची, आणि ती योहान त्साइनर नसता तर निघाली नसती. त्साइनर 1472 च्या आसपास उल्ममध्ये आला. त्याचा नातलग ग्युंटर त्साइनर ऑग्सबर्गमध्ये आधीच छापखाना चालवत होता. श्टाइनहोवेलने या धंद्याला मजकूर तर पुरवलाच, पैसाही घातला असावा असं मुद्रणाचे अभ्यासक मानतात. पुढे श्टाइनहोवेल गेल्यावर त्साइनर कर्जात बुडाला आणि त्याला शहर सोडावं लागलं, हे बघता तो तर्क पटतो.

लॅटिनमधून जर्मनमध्ये कसं आणायचं यावर त्या वेळी दोन तट होते. एका तटाचा म्होरक्या एसलिंगनचा नगरलेखक निकलास फॉन वीले. त्याचं म्हणणं असं की चांगल्या लॅटिनची घडण जशीच्या तशी जर्मनमध्ये उतरवली की ते जर्मनही चांगलंच होणार. सामान्य वाचकाला कळलं नाही तर त्याला पर्वा नव्हती. त्याच्या वाक्यांत क्रियापद कुठे सापडेल याचा नेम नसे. श्टाइनहोवेलने उलटी वाट धरली. इसापाच्या प्रस्तावनेत त्याने आपली रीत स्पष्ट सांगितली आहे: 'निट वोर्ट उस वोर्ट, झुंडर झिन उस झिन', म्हणजे शब्दाला शब्द नव्हे, आशयाला आशय. हे सूत्र त्याचं नाही, होरेस आणि संत जेरोमपासून चालत आलेलं आहे. ते सगळेच म्हणत. त्याने ते पाळलं, हा फरक. लॅटिनची लांब कृदंतं तोडून तो छोटी पूर्ण वाक्यं करतो, एखाद्या जड लॅटिन शब्दासाठी दोन साधे जर्मन शब्द शेजारी ठेवतो, आणि तात्पर्यात लोकांच्या तोंडची म्हण घालतो. ज्याने तीस वर्षं रोग्याला 'हे किती, केव्हा आणि कशाबरोबर घ्यायचं' ते समजावून सांगितलं, त्याला न कळणारं वाक्य लिहिणं म्हणजे काम अर्धं टाकणं वाटत असणार.

पेट्रार्कच्या लॅटिनवरून केलेली सोशिक ग्रिझेल्डाची गोष्ट आणि टायरच्या अपोलोनियसची कथा 1471 मध्ये ऑग्सबर्गला छापली गेली. बोकाचिओच्या प्रसिद्ध स्त्रियांच्या चरित्रांचं भाषांतर त्याने तिरोलची डचेस एलिओनोर हिला अर्पण केलं. ती स्कॉटलंडच्या राजाची मुलगी. एका फ्रेंच अद्भुतकथेचं जर्मन भाषांतरही तिच्या नावावर सांगितलं जातं. म्हणजे अर्पणपत्रिका जाणकारालाच होती. बोकाचिओच्या मूळ ग्रंथात 106 चरित्रं. श्टाइनहोवेलने काही गाळली. याच पुस्तकात त्याने विरामचिन्हं कशी वाचायची तेही वाचकाला सांगितलं, कारण ती चिन्हं जर्मन वाचकाला सवयीची नव्हती. स्वल्पविरामाचं काम करणारी तिरकी रेघ भेटली की क्षणभर थांबायचं. त्या काळी पुस्तक बहुधा मोठ्याने वाचलं जाई, तेव्हा ही सूचना वाचणाऱ्याच्या श्वासासाठी होती.

त्साइनरने या ग्रंथाची लॅटिन आवृत्तीही 1473 मध्ये काढली. तिचं पहिलं पान सावकाश बघण्यासारखं आहे. डावीकडे आदम आणि ईव्ह, मध्ये झाडाला वेढा घातलेला साप. मजकूर लॅटिन 'एस' अक्षराने सुरू होतो, तर त्या सापाच्या शेपटीचंच 'एस' होतं आणि पुढे तीच शेपूट वेल होऊन पानाच्या वरच्या कडेने पसरते. वेलीच्या फांद्यांत सात महापापं बसवली आहेत. आत सुमारे 80 चित्रं.

ही चित्रं मजकुराबरोबर एकाच दाबात छापली जात, आणि त्यातच सगळी मेख आहे. शिशाचा खिळा आणि लाकडी ठोकळा दोन्ही उठावाचे, म्हणजे उंच भागाला शाई लागते आणि तोच उमटतो. म्हणून ठोकळ्याची जाडी खिळ्याच्या उंचीइतकी, साधारण अडीच सेंटिमीटरच्या आतबाहेर, नेमकी हवी. ठोकळा केसभर उंच राहिला तर तो कागदाला चावतो आणि आजूबाजूची अक्षरं फिकी येतात. बसका राहिला तर चित्र पुसट, मग खाली कागदाच्या पट्ट्या घालून उचलायचा. लाकूड नासपतीसारखं घट्ट आणि फळी उभ्या रेषेत कापलेली. कागद ओलावून छापत असल्यामुळे ठोकळा रोज भिजतो आणि वाळतो. बऱ्याच प्रतींनंतर कडेची रेघ तुटते, मग लाकडाच्या रेषेत चीर जाते. ही चीर आज अभ्यासकांना सोन्यासारखी. एकाच ठोकळ्याचे दोन ठसे समोर ठेवले की चीर नसलेला आधीचा, असलेला नंतरचा. तारीख न छापलेल्या पुस्तकांचा क्रम असाच लावतात.

इसापावरही तारीख नाही. तो 1476-77 चा धरतात. तिरोलच्या ड्यूक झिगमुंडला अर्पण केलेला हा ग्रंथ दोन भाषांतला: लॅटिन गद्य, त्याचं जर्मन आणि पहिल्या भागांत लॅटिन पद्यही. सुमारे 190 चित्रं. सुरुवातीला पानभर उभा इसाप, कुबड आलेला, सुटलेल्या पोटाचा, आणि भोवती त्याच्या चरित्रातले प्रसंग आणि वस्तू. मग ते चरित्र. त्यानंतर 'रोम्युलस' नावाने चालणाऱ्या संग्रहातल्या चार भागांत वीस-वीस मिळून 80 गोष्टी, मग 17 इतस्ततः सापडलेल्या, 17 रिनुच्चिओने ग्रीकवरून लॅटिनमध्ये आणलेल्या, 27 आविआनस या रोमन कवीच्या, आणि शेवटी पेत्रुस आल्फोन्सी व पोज्जो यांच्या काही. म्हणजे हा 'इसापाचा अनुवाद' नाहीच. पाचसहा ठिकाणचा माल एका नावाखाली नीट लावलेला आहे. आल्फोन्सी हा 12व्या शतकातला स्पेनमधला, यहुदी कुळात जन्मून ख्रिस्ती झालेला माणूस, आणि तोही वैद्य. त्याच्या संग्रहातून अरबी वळणाच्या कथा आत आल्या.

चरित्रातला पहिलाच प्रसंग वैद्याच्या हाताला साजेसा. मालकाचे अंजीर दोन नोकर खातात आणि आळ मुक्या इसापावर घेतात. त्याला बोलता येत नाही. तो कोमट पाणी मागवतो, पितो आणि बोटं घालून ओकतो: नुसतं पाणी पडतं. मग खुणेने सुचवतो की यांनाही पाजा. नोकर पितात आणि अंजीर बाहेर येतात. चित्रात टेबल, मालक आणि ओकणारी माणसं अजिबात लाजलज्जा न ठेवता काढली आहेत. कोमट पाण्याचं वमन हा तेव्हाच्या वैद्याचा रोजचा उपाय. मूळ कथेत तो आहेच, पण पोटातला ऐवज पुरावा म्हणून मांडणारी ही गोष्ट भाषांतरताना श्टाइनहोवेलला मजा आली असणार असं मला नेहमी वाटतं.

पोज्जोच्या चुटक्यांशी मात्र त्याचं जमलं नाही. पोज्जो हा पोपचा सचिव, आणि त्याचे विनोद कमरेखालचे. श्टाइनहोवेलने थोडे घेतले, मग अशा हलक्या गोष्टी लिहिल्याबद्दल सफाई दिली आणि हात आखडता घेतला. तरी 1530 मध्ये कोबुर्गच्या किल्ल्यात बसून इसाप नव्याने लिहायला घेतलेला मार्टिन लूथर या जर्मन इसापावर अश्लीलतेसाठी उखडलाच. लूथरचं काम डझनभर गोष्टींवर थांबलं. श्टाइनहोवेलचं पुस्तक छापलं जातच राहिलं.

उल्मचे ठोकळे लगोलग ऑग्सबर्गला ग्युंटर त्साइनरकडे गेले आणि तिथे लॅटिन काढून टाकून नुसत्या जर्मनची स्वस्त आवृत्ती निघाली. खप तिचा. 1480 मध्ये लियाँच्या जुलियाँ माशोने फ्रेंच केलं, त्यावरून विल्यम कॅक्स्टनने इंग्रजी करून 1484 मध्ये छापलं. 1489 मध्ये सारागोसाला स्पॅनिश. 1501 मध्ये बासलला झेबास्टियान ब्रांटने लॅटिन भागाला मोठी पुरवणी जोडली. 1593 मध्ये जेझुइटांनी जपानमध्ये आमाकुसाला रोमन लिपीत जपानी इसाप छापला, तोही याच परंपरेतल्या लॅटिन संग्रहावरून. तो छापखाना जपानला जाताना वाटेत गोव्यात थांबला होता आणि 1588 मध्ये त्यावर गोव्यातच एका जपानी तरुणाचं लॅटिन भाषण छापलं गेलं. मराठीत इसाप आला तो बराच नंतर: तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्र्यांच्या हातून 1828 मध्ये. उलट दिशेचा प्रवास मात्र खूप आधी झालेला होता. आपलं पंचतंत्र पहलवी, अरबी, हिब्रू, लॅटिन अशा पायऱ्यांनी जर्मनपर्यंत पोचलं. आंटोन फॉन फोरने ते भाषांतर वुर्टेमबर्गच्या एबरहार्टसाठी केलं, ज्याचे उपचार श्टाइनहोवेलही करत असे. 1483 मध्ये तेही उल्ममध्येच छापलं गेलं. इसाप आणि विष्णुशर्मा दहा वर्षांच्या आत एकाच गावच्या छापखान्यांतून बाहेर पडले.

एक घोळ अजून जुन्या पुस्तकांत भेटतो. 'डेकॅमेरॉन'चं पहिलं जर्मन भाषांतरही त्साइनरनेच छापलं. त्यावर भाषांतरकाराचं नाव 'आरिगो'. आरिगो म्हणजे हाइनरिश, छापखाना तोच, मूळ लेखक बोकाचिओ, तेव्हा हा श्टाइनहोवेलच, असं ठरवून 1860 ची संपादित आवृत्तीही त्याच्या नावावर निघाली. भाषा बघितली तर हे टिकत नाही. आरिगोचं जर्मन इटालियन वाक्यरचनेला चिकटून अडखळतं, श्टाइनहोवेल असं लिहीत नाही. एकोणिसाव्या शतकातला संदर्भ वापरताना हे लक्षात ठेवावं.

इसापाची मूळ पानं आता म्युनिकच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. जर्मन थोडं येत असेल तर श्वाबियन बोलीची अडचण दोन दिवसांत सुटते: दीर्घ 'ई' साठी वाय, शब्दाच्या आरंभी यू ऐवजी व्ही, स्वरावर आडवी रेघ दिसली तर पुढे न किंवा म गृहीत धरायचा. लांब 'एस' आणि 'एफ' यांत गोंधळ होतो. एफची आडवी रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते, एसची नाही. अडलं तर 1873 ची संपादित आवृत्ती शेजारी ठेवावी. आणि समोरची प्रत उल्मची की ऑग्सबर्गची हे बघायचं असेल तर आधी लॅटिन आहे का ते बघा. नसेल तर चित्रांच्या चौकटी तपासा, तुटक्या कडा आणि चिरा मोजा. चित्र उलटं, म्हणजे डावं उजवीकडे, दिसलं तर ती नक्कल: ठसा ठोकळ्यावर तसाच चिकटवून कोरला की छापताना आरसा होतो.